चैतूच्या जागी श्रीहरी

गोंडपिपरी
१२ सप्टेंबर १९९८

आदरणीय इसरूभाऊ नैताम यांना
दानिश शेखचा सादर नमस्कार.

आपली ओळख नाही. मी इथल्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बास्केटबॉल टीमचा कॅप्टन आहे. टीममध्ये आम्ही सहा जण. त्यातला सगळ्यात उंच चैतू मडावी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेला, तो परत आलाच नाही. आम्ही जुलै वाट पाहिली, ऑगस्ट वाट पाहिली. शेवटी आलापल्लीच्या बसचा कंडक्टर म्हणाला, "अरे, तो तं मरकेटोल्याले इसरू नैतामाच्या घरी लमझना राह्यला." लमझना म्हणजे काय, ते त्यानंच टिकिटं फाडता फाडता समजावलं. मुलीच्या घरी राहायचं, तीन वर्षं सासऱ्याची शेती करायची, मग लग्न. ऐकून आनंद झाला. चैतूनं आम्हाला यातलं काही सांगितलं नव्हतं. तो कधीच काही सांगत नाही. दोन वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला तेवढं एका पोस्टकार्डावर मावेल.

भाऊ, अडचण अशी आहे. आमच्या खेळात उंचावर एक लोखंडी कडं असतं, त्याला जाळीची टोपली, त्यात बॉल टाकायचा. बाकीचे पोट्टे त्यासाठी उड्या मारून मरतात. चैतू नुसता हात वर करतो. आमच्या प्राचार्य साहेबांनी सांगून टाकलं आहे की, या वर्षी झोनचा कप आणला तर ठीक, नाही तर बास्केटबॉलच्या कोर्टावर सायकल स्टँड होणार. मागच्या वर्षी आमच्या टीमला भरपूर अनुभव मिळाला, पण कप मिळाला नाही. माझं हे शेवटचं वर्ष. आणि घरीही सांगायची सोय नाही, कारण कॉलेजच्या फाटकासमोर अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सायकल स्टँड व्हावा म्हणून ते दुवा मागत आहेत.

तरी कृपा करून चैतूला नोव्हेंबर संपेपर्यंत सुट्टी द्यावी, ही हात जोडून विनंती.

आपला
दानिश


मरकेटोला
२४ सप्टेंबर

कप्तान दानिशले इसरूचा जोहार.

तुझा कागद बाजाराच्या दिवशी भेटला. मी सातवी शिकलो आहो, मले वाचता येते. कंडक्टरनं बरोबर सांगितलं.

पोट्टा चांगला आहे. बोलत नाई, हा मी त्याचा गुणच समजतो. माह्या घरात बोलनारे लय आहेत. घरावरचे कवेलू फिरवले तं त्याले शिडी लागली नाई. पण दरवाजातून येतानी रोज कपाळ फोडून घेते. आता दरवाजा मी वाढवाचा का त्यानं वाकाचं, यावर आमचं चालू आहे.

तुह्या खेळाचं मी त्याले विचारलो. टोपलीले बूड नाई म्हणते. मंग टाकलेला बॉल खाली पडते, मंग उचलून पुन्हा टाकाचा. बाप्पा! बूड लावून एकडाव टाका ना, काम खतम. तुम्ही कालेजात शिकून राह्यले का काय करून राह्यले?

पण ऐक. आमच्यात रीत आहे. लमझना घर सोडून गेला का केलेली सेवा मोडते, मंग पुन्हा पह्यल्यापासून. हे मी ठरवलं नाई, माह्या सासऱ्यानंही मले असंच वापरून घेतलं. तुझा कागद मी चैतूले वाचून दाखवला. त्यानं एक वाळला भोपळा उचलला आणि अंगणातून फेकून कोठ्याच्या झरोक्यातून आत टाकला. आत बैल बसला होता, तो दचकून उठला. मले समजलं का पोट्ट्याचा जीव तिकडं अटकला आहे.

म्हणून मी एक तोड काढली. शेतीत आमी माणसाच्या बदल्यात माणूस देतो. आज तू माह्या धानाच्या बांधीत, उद्या मी तुह्या बांधीत. तसा चैतूच्या जागी एक माणूस पाठव. माह्या घरी झोपन, माह्या घरी जेवन, माझा लवकर पिकनारा हलका धान कापून, चुरून म्हणजे मळून देईन. घरातली सेवा खंडली नाई म्हणजे झालं. पण माणूस कामाचा पायजे.

सुकरीले पण विचारलो. सुकरी म्हणजे माझी पोट्टी, जिच्यासाठी हे सारं आहे. आश्रमशाळेत दहावी शिकली. "मले काय, कोनीबी धान कापो," म्हणाली. पण त्या दिवशी भात करपला होता.

इसरू


गोंडपिपरी
३ ऑक्टोबर

आदरणीय इसरूभाऊ,

अल्लाह तुमचं भलं करो. हे पत्र घेऊन येणारा श्रीहरी कोतपल्लीवार म्हणजे चैतूच्या बदलीचा माणूस. आमच्या टीमचा तो सहावा खेळाडू, म्हणजे कोणी थकलं किंवा पडलं तर त्याच्या जागी उतरायचं. खेळात याला बदली खेळाडूच म्हणतात, म्हणजे या कामाची त्याला सवय आहेच.

श्रीहरी अंगानं भरलेला आहे. स्वभावानं गोड. मेहनतीला मागे हटत नाही. त्याच्या घरी अनेक पिढ्यांपासून धानाशी संबंध आहे.

एकच विनंती. त्याच्या बाबांना आम्ही एनएसएसचं शिबीर आहे असं सांगितलं आहे. म्हणून काही कळवायचं झालं तर त्यांच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर लिहू नये.

चैतूला याच बसच्या परतीच्या फेरीनं पाठवा. तो कमी बोलतो, पण कंडक्टरला गाव सांगेल.

तुमचा
दानिश


मरकेटोला
२५ ऑक्टोबर

कप्तान,

तुह्या माणसाचा धानाशी संबंध मले समजला. त्याचा बाप दुकानात तांदूळ विकते.

पोट्टा आला तो मच्छरदाणी, टार्च, दोन उशा आणि मुरब्ब्याची बरणी घेऊन आला. पह्यल्या दिवशी इळा उलटा धरला. मी म्हटलो, बापू, धार तिकडं असते. दुसऱ्या दिवशी बांधीत घसरला तं बाजूच्या धुऱ्यावर कोरड्यात बसून राह्यला, म्हणे चिखल सुकला का उतरतो. बाप्पा, धानाच्या बांधीतला चिखल सुकाले उन्हाळा लागते! तिसऱ्या दिवशी लाल मुंग्याच्या झाडाखाली जेवाले बसला. आमी त्या मुंग्याची चटणी खातो, त्या दिवशी मुंग्यांनी त्याले खाल्लं. कापते अर्ध्या माणसाएवढं, जेवते दोघाएवढं. हा हिशोब मी तुह्या नावावर ठेवून राह्यलो.

पण एक गोठ आहे. कोनाले त्याचा राग येत नाई. माझी बायको रुखमा, जिनं चैतूले कधी दुसऱ्यांदा भात विचारला नाई, ते याले "खा ना बापू, खा ना" करते. संध्याकाळी अंगणात बसून तो तुमच्या खेळाचा आंखो देखा हाल सांगते. स्वतःच पब्लिक होते, स्वतःच शिटी मारते. अर्धं गाव ऐकाले येते. रानडुकरांपासून धान राखाले मचाणावर बसवला तं तिथीही तेच चालू. आवाजानं डुकरंबी येत नाईत.

आणि सुकरी दिवसभर हासते. चैतू इथी चार महिने होता, तेवढ्यात ते एवढी हासली नोती. गावातले पोट्टे श्रीहरीले आता जावईबापू म्हणून राह्यले. मजाक आहे, बरं.

तुमच्या टोपलीचं काय झालं ते कळव.

इसरू


गोंडपिपरी
८ नोव्हेंबर

इसरूभाऊ,

रागावू नका, पण शेवटी ते हसण्याचं आणि जावईबापूचं तुम्ही लिहायला नको होतं.

आधी चांगलं सांगतो. चैतू आल्या आल्या आम्ही पहिली मॅच जिंकलो! राजुऱ्याच्या टीमला तर कळलंच नाही काय झालं ते. चैतू टोपलीखाली जाऊन उभा राहिला आणि आम्ही त्याच्याकडे बॉल टाकत गेलो, बस्स. प्राचार्य साहेब स्वतः बघायला आले. अब्बांनी दोन दिवस दुकान उशिरा उघडलं.

मग तुमचं पत्र आलं. मी हॉस्टेलच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचलं, कारण सगळ्यांना श्रीहरीची खबर हवी होती. मुंग्यांपर्यंत सगळे लोळून हसले. पुढचं मला थांबवताच आलं नाही, तोंडातून निघून गेलं. "सुकरी दिवसभर हासते." चैतू उठून नळावर गेला. तिथं त्यानं बादली भरली, ओतून दिली, पुन्हा भरली.

तेव्हापासून काय चाललंय ते सांगतो. आमच्या खेळात फ्री थ्रो असतो. सगळ्यांनी बाजूला उभं राहायचं आणि एकट्यानं आरामात बॉल टाकायचा. याच्याइतकं सोपं काही नाही. चैतू त्याआधी नेहमी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो, मग टाकतो, आणि पडतोच. आम्ही समजायचो देवाचं नाव घेत असेल. आता पुटपुटणं बंद आणि बॉल कुठंही जातो. दुसऱ्या मॅचला एक बॉल पंचांच्या चहाच्या टेबलावर पडला. वरोऱ्याच्या टीमपुढे आम्ही हरता हरता वाचलो, तेही त्यांचा कॅप्टन चक्कर येऊन पडला म्हणून.

भाऊ, देवाशपथ आम्ही फायनलच्या दारात आहोत. तुम्ही फक्त एवढं लिहून पाठवा की सुकरी उदास असते. जेवत नाही असं लिहिलं तर अजून चांगलं.

तुमचा
दानिश


मरकेटोला
१९ नोव्हेंबर

कप्तान,

मी खोटं लिहत नाई. तरी तुह्यासाठी सुकरीले म्हटलो, थोडी उदास होऊन दाखव, कप्तानाले लिहाचं आहे. ते अजून हासली.

आता मजाक बाजूले ठेव. इथी भानगड झाली. मी तुह्याशी सौदा केला तो गावच्या पंचाले न विचारता केला, आणि आता पंचानं मले धरलं. गावचा पुजारी बिरजूबाबा म्हणते, "हात ज्याचे, सेवा त्याची. धान श्रीहरीनं कापला, भारे श्रीहरीनं बांधले, तं लमझना श्रीहरी झाला. चैतूचा काय संबंध?" मी म्हटलो, बाबा, तो बदलीचा होता. तं म्हणे, बदली करून बायको भेटते हे कोनत्या गावात पाह्यलं?  म्हाताऱ्याचंबी खोटं नाई ना.

आपल्या श्रीहरीले यातलं काईच माईत नाई. पंचातले म्हातारे त्याले रोज काईबाई खाले आणून देऊन राह्यले आणि तो समजते का गावचे लोक दिलदार आहेत.

येत्या आईतवारी, २९ तारखेले, खळ्याचं जेवण आहे. चुरणी झाली का होते. त्या दिवशी जो जावयाच्या पाटावर बसन, त्याच्या नावानं सेवेचं हे वर्ष लागन. म्हणून चैतूले हा कागद दाखव आणि आईतवारच्या आत इकडं पाठव. जेवला का लगेच घेऊन जा परत, मी अडवत नाई.

दानिश, मले चैतूच पायजे. हे मी त्याले कधी म्हटलो नाई. तूही म्हणू नको, डोक्यावर बसन. आधीच उंच आहे.

इसरू


गोंडपिपरी
१ डिसेंबर

इसरूभाऊ,

हे पत्र कसं लिहू ते समजत नाही, म्हणून सरळ लिहितो. तुमचा कागद मी चैतूला दाखवला नाही.

फायनल त्याच रविवारी होती, २९ तारखेलाच, चंद्रपुरात. मी पत्र वाचलं, घडी घातली आणि बॅगेत टाकलं. मनाला म्हटलं, मॅच संपली की दाखवू, रात्रीची गाडी पकडून देऊ, एका जेवणानं काय होतं. मला माहीत होतं काय होतं ते. तुम्ही स्वच्छ लिहिलं होतं. पण मला कप पाहिजे होता भाऊ. रोज सकाळी त्या कोर्टावर मी झाडू मारतो. तिथं सायकली उभ्या राहतील हे माझ्यानं बघवत नव्हतं.

अर्ध्या वेळेपर्यंत आम्ही पुढे होतो. तुमच्या गळ्याची शपथ, पुढे होतो! चैतूचे फ्री थ्रो जात नव्हते, पण बाकी सगळं जात होतं. मध्यंतराच्या तोंडावर त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख निघालं. पट्टी माझ्या बॅगेत होती. मी पाणी पीत होतो, म्हणून तो स्वतःच घ्यायला गेला. वळून पाहतो तर पट्टी एका हातात आणि तुमचा कागद दुसऱ्या हातात.

तो मला शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं अंगठ्याला पट्टी बांधली, कागद मला परत दिला, चपला घातल्या आणि त्याच हाफ पँटवर, सात नंबरच्या बनियनवर, फाटकाबाहेर निघून गेला. बसस्टँड मैदानाच्या मागेच आहे. पंच म्हणाले, "तुमचा खेळाडू कुठे गेला?" मी म्हटलं, सासरी.

आम्ही उरलो चौघं. बदली खेळाडू तुमच्याकडे मचाणावर. आम्ही खेळलो, आणि वाईट खेळलो नाही, पण टोपलीखाली कोणी नव्हतं. हरलो. कप चंद्रपुरातच राहिला.

काल प्राचार्य साहेबांचा माणूस कोर्टावर चुना टाकून खुणा करून गेला. दोन्ही पोल भंगारात जाणार आहेत. अब्बांनी दुकानासाठी नवीन पंप आणला आणि मग माझ्याकडे पाहून तो कपड्यानं झाकून ठेवला.

भाऊ, ते सगळं जाऊ द्या. चैतू पोहोचला का? वेळेत पोहोचला का? पाटावर कोण बसलं? दोन ओळी लिहा. मला जेवण जात नाही, आणि हे मी खोटं लिहीत नाही.

तुमचा अपराधी
दानिश


मरकेटोला
११ डिसेंबर

कप्तान दानिश,

तू बह्याड आहे. कागद मी बॅगेत ठेवाले दिला नोता. पह्यले हे लिहून घेतो म्हणजे मन मोकळं होते.

आता ऐक. आईतवारी दुपारी खळ्यावर सारं गाव बसलं. पत्रावळी मांडल्या. चैतूचा पत्ता नाई. बिरजूबाबानं श्रीहरीले हात धरून पाटावर नेलं आणि तेव्हा कुठी त्याले समजलं का गाव कायले एवढं खाऊ घालून राह्यलं होतं. पोट्टा असा उठला का पत्रावळच उडाली! मले वाटलं आता हा मच्छरदाणी सोडून पळते.

पण पळाला नाई. पंचाच्या मधात उभा राह्यला आणि म्हणाला, "बाबा, मी बदली खेळाडू आहो. आमच्या खेळात बदली खेळाडूनं बॉल टाकला तं तो त्याच्या घरी जात नाई, टीमच्या नावानं लागते. मी धान कापला तो चैतूच्या टीमचा. माह्या नावानं काई लावू नका, माह्या बाबाले शिबीर सांगितलं आहे."

बिरजूबाबानं उडालेली पत्रावळ उचलून जागेवर ठेवली. मंग म्हणे, असा खेळ असन तं खेळ चांगला आहे. पंचानं माना हालवल्या. वर्ष चैतूच्या नावानं लागलं. पाट तसाच रिकामा ठेवून आमी जेवलो. श्रीहरी दोघाएवढा जेवला.

सोमवारी सकाळी दव पडलेलं असतानी चैतू आला. एटापल्लीपासून पायी. ती मोठी चड्डी, तो सात नंबर, अंगठ्याचं रक्त. सारं झालं होतं, त्याले माईत नोतं. धडधड दरवाजातून आत आला आणि कपाळ फोडून घेतलं. मी दुसऱ्या दिवशी बसोला घेतला आणि वरची चौकट काढली. आता माह्या घराचा दरवाजा गावात सगळ्यात उंच आहे आणि थंडी आत येते. रुखमा मले शिव्या देते.

श्रीहरी इथी अजून आठ दिवस राह्यतो म्हणते. त्याच्या बापाले शिबीर वाढलं असं सांग. मी खोटं लिहत नाई, तू लिहतो.

खाली सुकरीले लिहाचं आहे म्हणते. मी वाचनार नाई.

इसरू

दानिशभाऊले सुकरीचा नमस्कार.

तुमी सारे मले सोडून साऱ्याईले विचारत होते का सुकरी काऊन हासते. श्रीहरीभाऊ बेंचवर बसून राह्यत होते ना, त्याईले जवळून ऐकू येत होतं, त्याईनंच मले सांगितलं. चैतू तो बॉल टाकाच्या आधी पुटपुटते ते देवाचं नाव नोय. "सुकरी" म्हणते. दोन वर्षांपासून. इथी माह्यासमोर चार महिने राह्यला, एकडाव नावानं हाक मारली नाई, पाणी पायजे असलं तं लोटा वाजवत होता. आणि तिकडं साऱ्या पब्लिकसमोर माझं नाव घेत होता! मी हासू नको तं काय करू?

तुमी कागद लपवला याचा बाबाले राग आहे. मले आला होता, आता नाई. चैतू नसता आला तरी वर्ष त्याच्याच नावानं लागलं असतं. पण तुमी कागद लपवला नसता तं तो हाती आलेला कप सोडून येते का नाई, ते मले कधीच समजलं नसतं.

पोल भंगारात देऊ नका. एक तरी बसच्या टपावर टाकून पाठवा, कंडक्टर ओळखीचा आहे. चैतूनं खळ्याच्या बाजूले खड्डा खोदून ठेवला आहे. तुमी सारे मांडईच्या जत्रेले या. अब्बाले पण आणा, इथी सायकली लय आहेत आणि पंप एकही नाई.

पह्यला बॉल मी टाकनार आहो. टाकाच्या आधी कोनाचं तरी नाव घ्या लागते म्हणे. चैतू आता बाजूलेच उभा आहे आणि मी काय लिहून राह्यली ते वरून वाचून राह्यला, म्हणून कोनाचं ते लिहत नाई.

सुकरी